सुमन सिस्टरना दिलेली नोटीस

सुमन सिस्टर गेल्या, असं त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता माफी मागायची राहूनच गेली. रडू नंतर आलं.

मी गेवराई तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. चकलांब्याकडचं एक उपकेंद्र सिस्टर एकट्या सांभाळायच्या. लसीचा डबा खांद्याला अडकवून वस्त्यावस्त्यांवर चालत जायच्या. काही घरांत त्यांना थेट बाळंतिणीच्या खाटेपर्यंत नेत, पण चहा मात्र ओट्यावर, वेगळ्या कपात येई. त्या बौद्ध होत्या. मी सोबत असलो की मला आत बैठकीत बसवत. आणि मी बसायचो...

त्या दुपारी मी आष्टीला होतो, एका पुढाऱ्याच्या मुलाच्या साखरपुड्याला, रजा न टाकता. पंगतीत असतानाच सिस्टरचा फोन आला. ऊसतोडीहून गावी आलेली एक बाई बाळंत झाली होती. वार पडली होती, इंजेक्शन देऊन झालं होतं, तरी रक्त थांबत नव्हतं.

"ॲम्ब्युलन्स लई लांब हाय, सर. एक जीप मिळालीय. गेवराईला हलवू का?"

"थांबा, मी निघालोच," मी म्हणालो. आणि यजमान आग्रह करत होते म्हणून ताटावरून उठलो नाही.

त्या थांबल्या नाहीत. एक हात आत, दुसरा पोटावर, असं गर्भाशय दोन्ही हातांनी दाबून धरून, जीपच्या मागच्या भागात गुडघ्यांवर बसून त्या गेवराईपर्यंत गेल्या. बाई वाचली. सिस्टरची बोटं मात्र बराच वेळ सरळ होत नव्हती, असं तिथल्या डॉक्टरांनी मला सांगितलं.

मग वरून विचारणा झाली, तुम्ही कुठे होता? मी घाबरलो. सिस्टरनी मला न कळवता, परवानगीशिवाय उपकेंद्र सोडलं, असं लिहून त्यांनाच कारणे दाखवा नोटीस काढली. माझ्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी ती सावकाश वाचली.

"सर, तुमी येईपर्यंत थांबले असते तर बाई हाती लागली नसती."

"लेखी द्या," मी म्हणालो. वर पाहिलं नाही.

त्यांनी लेखी दिलं. एकच ओळ होती, रुग्णाचा जीव धोक्यात होता म्हणून हलवलं. मला केलेल्या फोनचा एका शब्दानंही उल्लेख नव्हता. तो केला असता तर माझी नोकरी अडचणीत आली असती, हे त्यांना कळत होतं. त्या वर्षी जिल्ह्याच्या पुरस्कारासाठी त्यांचं नाव गेलं होतं, ते नोटिशीमुळे मागं पडलं. नंतर कित्येक वर्षं त्या मला 'सर' म्हणत राहिल्या, त्याच आवाजात.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्यातल्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला मला बोलायला सांगितलं. मी 'कर्तव्यदक्ष' वगैरे शब्द वापरले आणि खाली बसलो. प्रज्ञा मस्कतला एका इस्पितळात नर्स आहे. ती जवळ आली आणि म्हणाली, "जीपमधली गोष्ट आई नेहमी सांगायची. रक्त कसं थांबवायचं हे सरांनीच शिकवलं, म्हणायची." मी फक्त एका मीटिंगमध्ये वरून आलेलं परिपत्रक वाचून दाखवलं होतं. नोटिशीचं तिला ठाऊकच नव्हतं. सिस्टरनी घरी कधी सांगितलंच नव्हतं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. "हो, हुशार होत्या," एवढंच तोंडातून निघालं.

परतताना उपकेंद्रावर थांबलो. नव्या सिस्टर एका गरोदर बाईला तपासत होत्या. पोटाला हात लावण्याआधी त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर घासले, गालाला लावून पाहिले, पुन्हा घासले. मी विचारलं, हे कशासाठी?

"सुमन सिस्टरनी लावलेली सवय हाय, सर. थंड हात लागला की बाई आक्रसते."

मी तीस वर्षं बायका तपासल्या. माझे हात थंड होते की गरम, हे मला आजही सांगता येणार नाही.