एकविसावी चाल

दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या ताईंना बुद्धिबळाचा भारी नाद. खेळायला मात्र एकटा धाकटा भाऊ. तो चाली परत घ्यायचा. एका रविवारी त्याने तिसऱ्यांदा वजीर मागे नेला, तेव्हा ताईंनी पट उधळला आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

मोबाइलवरचा तयार खेळ त्यांना पंधरा चालींत लोळवायचा, आणि आपण का हरलो ते कळायचं नाही. मग ऐन पन्नाशीत त्यांनी ठरवलं, आपणच शिकवलेला खेळाडू संगणकावर बनवायचा. नवऱ्याने फक्त विचारलं, स्वयंपाकाचं काय? ताईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो आत जाऊन तांदूळ धुवायला लागला.

संगणकाला पट दिसत नाही. म्हणून त्यांनी चौसष्ट घरांची एक लांब रांग केली. डाव सुरू होताना पांढऱ्याला वीसच चाली शक्य असतात. त्यांचा प्रोग्राम एकवीस सांगायचा. जेवणाच्या सुट्टीत कागदावर मोजल्या की वीस, घरी येऊन चालवला की एकवीस. तीन आठवड्यांत डोक्याचा पार भुगा झाला. दोनदा सगळं पुसून नव्याने लिहिलं, तरी एकवीसच.

शेवटी हात टेकून त्यांनी भावाला फोन केला. तो पट घेऊन आला. भांडणाचा विषय कुणीच काढला नाही. ताई चालींची यादी वाचत गेल्या, तो मोहरे हलवत गेला आणि उजवीकडच्या घोड्यापाशी थांबला.

"हा डाव्या कडेला कसा पोचेल? परत वाच."

ताईंनी परत वाचलं आणि कपाळाला हात लावला. रांगेत पटाची एक ओळ संपली की लगेच पुढची सुरू होत होती. त्यामुळे घोडा उजवीकडून बाहेर पडून डावीकडून आत येत होता.

"म्हणजे घोडं इथे अडलं होतं," भाऊ म्हणाला.

"अडत नव्हतं, हीच तर रड आहे."

पटाला कडा शिकवल्या, वीस आले. मग दिसलं, राजाला शह बसला तरी प्रोग्राम खुशाल भलतंच प्यादं सरकवतो. ताईंनी लॅपटॉप आपटून मिटला. चार दिवस त्याच्याकडे फिरकल्या नाहीत, पाचव्या दिवशी पुन्हा बसल्या.

दोन महिन्यांनी प्रोग्रामने पहिला पूर्ण डाव खेळला. नियम एकही मोडला नाही, पण सहाव्या चालीला वजीर प्याद्याच्या तोंडी दिला. ताई जिंकल्या आणि आणखीच वैतागल्या. कोणत्या मोहऱ्याची किंमत किती, हे त्याला अजून शिकवायचंच होतं, आणि ते कसं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.