इयरफोनचं डावं टोक

थोरली सून हॉस्पिटलात नर्स होती. तिच्या कानांबद्दल पुरुषांच्या वॉर्डात कुणालाही शंका नव्हती. ती एका टोकाला पाठमोरी उभी राहून औषधं भरत असायची आणि दुसऱ्या टोकाला एखाद्या पेशंटने पांघरुणाखाली बिस्किटाचा पुडा हळूच फोडला की मान न वळवता ओरडायची, “सहा नंबर, साखर वाढलीय तुमची. ठेवा ते खाली!” सहा नंबर पुडा खाली ठेवायचा आणि नव्या पेशंटला दबक्या आवाजात सांगायचा, “सिस्टरला पाठीला कान आहेत.”

इमारतीतही तेच. तिसऱ्या मजल्यावर कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे तिला भिंतीपलीकडून कळायचं. ते ती चारचौघांत बोलत नसे, हा तिचा मोठेपणा. त्या कामाला मजल्यावर इतर माणसं होतीच.

आणि अशी ही बाई नापास झाली ती नेमकी ऐकण्यात.

परदेशातल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. वाचायचं, लिहायचं, बोलायचं आणि ऐकायचं. ऐकण्याच्या भागात रेकॉर्डिंग लावतात, एकदाच. कुणी खोली भाड्याने घेत असतो, कुणी पोहण्याच्या वर्गाला नाव घालत असतो. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता कागदावर उत्तरं लिहायची. निसटलं ते निसटलं. थोरलीला नऊपैकी सात गुण हवे होते, पहिल्या खेपेला साडेपाच मिळाले. बाकीच्या तिन्ही भागांत ती आरामात सुटली होती.

परदेशाचं खूळ मूळ तिचंच. जाहिरात तिने आणली, क्लास तिने शोधला, नवऱ्याला तिने पटवलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणाला, “तिकडेही माणसं जिने चढायला कंटाळतच असतील. चल.” ऐकण्याचे गुण सोडले तर सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात धाकट्या जावेने चहाचा कप तिच्या हातात देत विचारलं, “ताई, मीही बसू का परीक्षेला?”

धाकटी त्याच हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या खोलीत. वयाने बरीच लहान, आवाज मऊ, हसली की गालाला खळी. थोरलीने उत्तर देण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, “बस की! हिला सोबत होईल.”

सोबत! थोरलीचा चहा तिथेच गार झाला. कारण घरात कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं, दोघी एकदम जाणार नव्हत्या. सासूबाईंचे गुडघे धरलेले. एकीला घरी थांबावंच लागणार. जिला आधी सात मिळतील ती जाणार, दुसरी मागे राहणार.

क्लासवाल्यांनी सरावाची रेकॉर्डिंग दिली होती ती थोरलीच्या फोनमध्ये. धाकटी म्हणाली, “ताई, माझ्या फोनवर पाठवता का?”

“क्लासने सांगितलंय, कुणाला पाठवायची नाहीत,” थोरली म्हणाली.

क्लासने असं काही सांगितलं नव्हतं. क्लासमधली निम्मी मंडळी तीच रेकॉर्डिंग एकमेकांना वाटत फिरत होती. पण फोन आपला, क्लास आपला, खूळ आपलं. हिला कशाला आयतं द्यायचं?

मग तोडगा निघाला तो असा. सकाळपाळी संपवून दोघी घरी यायच्या तेव्हा सासूबाई बाहेरच्या खोलीत आडव्या झालेल्या असायच्या, म्हणून रेकॉर्डिंग मोठ्याने लावता येत नसे. दोघी आतल्या पलंगावर बसायच्या. थोरली डावीकडे, फोन ठेवलेल्या टेबलाजवळ, कारण फोन तिचा. धाकटी उजवीकडे. मध्ये एक इयरफोन. डावं टोक थोरलीच्या कानात, उजवं धाकटीच्या. सयामी जुळ्या बघाव्यात तशा दोन्ही जावा एका वायरीला बांधलेल्या.

पहिल्याच दिवशी धाकटीची जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर आली. थोरलीची निम्मीसुद्धा नाही.

“सोपं होतं आजचं,” धाकटी म्हणाली. समजूत घालायला म्हणाली, पण थोरलीच्या जखमेवर सरळ स्पिरिट ओतलं गेलं.

मग रोज हेच. एकच माणूस भाषण देत असला की दोघींची बरोबरी व्हायची. दोन माणसं बोलायला लागली की थोरली घसरलीच. गंमत अशी की प्रश्न तिला लख्ख कळायचे. “खोलीत खिडक्या किती?” “गाडी कुठे लावायची?” “पत्ता काय?” सगळे तोंडपाठ! उत्तरं मात्र शेजारच्या फ्लॅटमधून आल्यासारखी, विहिरीच्या तळातून आल्यासारखी. तिला वाटायचं, तिकडची माणसंच अशी. विचारणारा ठणठणीत विचारतो आणि सांगणारा सभ्यपणे पुटपुटतो.

तिने हे नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता. म्हणाला, “बरोबर आहे. लग्न झाल्यापासून तू फक्त प्रश्नच विचारतेस. उत्तर ऐकायची सवय कुठाय तुला?”

त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

शेवटी ती हॉस्पिटलातल्या कानाच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी बंद खोलीत बसवून मशीनने तपासलं आणि कागद पुढे करत म्हणाले, “सिस्टर, असे कान माझ्या पोरांना मिळाले असते तर मी पेढे वाटले असते.” कुणी दुसरी असती तर खूश झाली असती. थोरली रडकुंडीला आली. कान धड आहेत म्हणजे बिघाड डोक्यात! धाकटीच्या डोक्यात इंग्रजी उतरतं, आपल्या डोक्यावरून वाहून जातं.

आता तिला धाकटीचं काहीच सोसेना. तिचं पेन्सिल टोकदार करणं सोसेना. उत्तर सापडलं की ती जिभेचं टोक ओठांत धरायची, ते सोसेना. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, “धाकटीला काय, एकदा ऐकलं की बस! तिकडे गेली की मडमेसारखी बोलेल.” थोरली स्वयंपाकघरात भांडी अशी घासायची की खालच्या मजल्यावरचे वर बघायचे. वॉर्डात एका पेशंटने तिला विचारलं, “सिस्टर, इंजेक्शन आज जरा जास्त दुखतंय का हो?” ती म्हणाली, “सगळ्यांनाच दुखतंय आज.”

परीक्षा जवळ आली आणि धाकटीच्या डाव्या कानात फोड आला. उजवीकडे बसलं की इयरफोन त्याच कानात यायचा. ती कळवळून म्हणाली, “ताई, जागा बदलूया का? मी तुमच्या पलीकडे बसते, म्हणजे उजव्या कानात घालता येईल.” थोरली नाखुशीने सरकली. डावं टोक धाकटीकडे गेलं, उजवं थोरलीकडे आलं.

रेकॉर्डिंग सुरू झालं. कुणाच्या तरी प्रश्नांना उत्तरं देत एक बाई वाचनालयाची माहिती सांगत होती, आणि काय तिचा तो आवाज! भरदार, स्वच्छ, कानाशी तोंड लावून सांगत असल्यासारखा. थोरलीचा पेन धावत सुटला. एक उत्तर सोडून सगळी बरोबर. धाकटीचा कागद जवळजवळ कोरा.

थोरली त्या दिवशी पायऱ्या उतरताना गुणगुणत होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. “सराव गं, सराव,” ती धाकटीला म्हणाली. “कान तयार व्हायला वेळ लागतो.” सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली.

मग धाकटी पेन्सिल खाली ठेवत पुटपुटली, “काय कळत नाही ताई. विचारणारा छान ऐकू येतो. सांगणारा मात्र लांब कुठेतरी, दुसऱ्या खोलीत बसल्यासारखा.”

थोरलीचा हात जागच्या जागी थांबला. हे तर तिचंच वाक्य! शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

दुसऱ्या दिवशी तिने हॉस्पिटलातल्या चादरींच्या खोलीत कडी लावली, गठ्ठ्यावर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा इयरफोनची दोन्ही टोकं आपल्या दोन्ही कानांत घातली. डावीकडून प्रश्न आला, उजवीकडून उत्तर. क्लासवाल्यांनी भरतानाच एक माणूस एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला भरला होता. पलीकडे गळत होता तो नुसता त्याचा पडसाद. म्हणजे इतके दिवस तिने धाकटीला रेकॉर्डिंग पाठवायचं नाही म्हणून वायर वाटून घेतली होती, फोन आपल्याकडे हवा म्हणून डावी बाजू धरली होती आणि स्वतःच्या हाताने सगळी उत्तरं धाकटीच्या कानात ओतली होती.

ती हसली. मग तिच्या मनात एक विचार आला आणि ती हसायची थांबली. तो विचार फार वाईट होता, आणि तिला फार आवडला.

तिने कुणाला काही सांगितलं नाही.

धाकटीचा फोड बरा झाला. ती जुन्या जागेवर बसायला गेली तर थोरली म्हणाली, “राहू दे अजून. नाजूक असतो कान. मी नर्स आहे म्हणून सांगते.” समोरची काय शिंपीण होती? पण धाकटी गुमान डावीकडे बसली. रोज बसली, रोज चुकली. जिभेचं टोक ओठांत धरणं बंद झालं. एका दुपारी ती बेसिनशी नळ मोठा सोडून रडली. नळाच्या आवाजातही थोरलीला ते ऐकू आलं. त्या कानांपासून काय लपणार? थोरलीने पेपर उलटून डोळ्यांसमोर धरला.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळे जेवायला बसले असताना धाकटी म्हणाली, “मी यंदा बसत नाही. माझा काही जीव नाही त्यात. ताईंना जाऊ दे. मी आईंपाशी राहते.”

झालं! थोरलीला जे हवं होतं ते तिच्या ताटात येऊन पडलं. तिने घास उचलला. तेवढ्यात सासूबाईंनी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“केवढं मन हे पोरीचं!” त्या म्हणाल्या. “स्वतःचं बाजूला ठेवलं. जावेसाठी कोण करतं हो एवढं? शिका जरा.”

ते ‘शिका जरा’ थोरलीकडे बघून होतं. लिफ्टवाला नवरासुद्धा मान डोलवत होता. थोरलीने उचललेला घास परत ताटात ठेवला. हुशार होती तोवर हीच चांगली, आणि आता नापास होऊनही हीच चांगली? आपण परदेशी जाऊन राबायचं आणि इथे हिच्या त्यागाच्या कथा सांगितल्या जाणार, येणाऱ्याजाणाऱ्याला, कायमच्या? ते काही तिला सोसवलं नसतं.

ती ताडकन उठली, फोन आणि इयरफोन घेऊन आली आणि धाकटीच्या दोन्ही कानांत दोन्ही टोकं कोंबली.

“ऐक!”

“अहो ताई, जेवण…”

“ऐक म्हणते ना!”

धाकटी ऐकत राहिली. तिचे डोळे डावीकडे गेले, उजवीकडे गेले, परत डावीकडे. मग तिने सावकाश इयरफोन काढले.

“ढ नाहीस तू,” थोरली म्हणाली. “त्याग वगैरे काही करायचं नाही. परीक्षेला बसायचं.”

“कधी कळलं तुम्हाला?”

थोरली इयरफोनची वायर बोटाला गुंडाळू लागली.

“फोड तर मागच्या आठवड्यातच बरा झाला होता, ताई.”

“हो,” थोरली म्हणाली.

सासूबाई एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. नवऱ्याने वाटीत तोंड घातलं. धाकटीने ताट उचललं, आत नेऊन ठेवलं आणि दोन दिवस थोरलीशी अवाक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या फोनवर सगळी रेकॉर्डिंग येऊन पडली, एकामागून एक. सोबत शब्द एकही नव्हता. तिनेही उत्तर पाठवलं नाही. पण ती परीक्षेला बसली.

निकाल फोनवरच आला. धाकटी बाळांच्या खोलीबाहेर उभी होती. थोरली वॉर्डातून धावत गेली.

“किती?”

“सात,” धाकटी म्हणाली. खळी दिसली. “तुम्हाला?”

“साडेआठ.”

खळी गेली. “साडेआठ?” तिने थोरलीचा फोन हातात घेऊन स्वतः बघितलं. “मी त्या डाव्या बाजूने बसले तेव्हा मला दोन-तीनसुद्धा येत नव्हते. तुम्ही तिथून रोज निम्म्याच्या आसपास आणत होतात. महिनोन्‌महिने. म्हणजे तो पुटपुटणारा ऐकून ऐकून…”

“सराव गं,” थोरली म्हणाली.

धाकटी हसली. “अभिनंदन हं ताई,” ती म्हणाली. ओठ ताणलेले, डोळे कोरडे, आवाज जरा जास्तच गोड. ते हसू थोरली चांगलं ओळखत होती. कितीतरी दिवस ती स्वतःच ते तोंडावर चढवून हिंडली होती.

आता दोघींनीही सात गाठले होते, आणि आधी कोण जाणार याचं भांडण घरात नव्याने सुरू होणार होतं. सासूबाईंचे गुडघे होते तिथेच होते. पण त्या क्षणी थोरलीला त्याचं काही नव्हतं. धाकटीने तिचा फोन परत केला नव्हता. निकालाच्या त्या आकड्याकडे ती अजून बघत होती, आणि थोरली तिला बघू देत होती.