चाळीस लाल दोरे

परभणीच्या काळ्या मातीत आमच्या सरांइतकं फुलांशी अदबीनं वागलेला दुसरा माणूस झाला नसेल, आणि त्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास मी घालवला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं सरांच्या गमती सांगताना मला कुणी भला शिष्य समजायला नको.

सर कृषी विद्यापीठात कापसाच्या नव्या जाती तयार करत. शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेलं, त्यामुळं रागावायचे मराठीत आणि लाड करायचे उर्दूत. विद्यार्थ्यांना 'मियाँ' म्हणत, झाडांना 'जनाब'. सायकलच्या हँडलला लाल दोऱ्याचं रीळ लटकवलेलं आणि खिशाला पेनाच्या जागी चिमटा. पेन त्यांना जन्मात वेळेवर सापडलं नाही, चिमटा मात्र कधी हरवला नाही. चारठाण्याच्या एका लग्नात ते नवरदेवाला भेटायला म्हणून पुढं गेले आणि त्याच्या गळ्यातल्या हाराचा झेंडू उकलत उभे राहिले. भटजी म्हणाले, "साहेब, मुहूर्त टळंल." सर मान वर न करता म्हणाले, "टळू द्या. ह्याच्या पोटात अळी हाय." शेवटी नवरदेवानंच हार काढून त्यांच्या हाती दिला आणि बिचारा बिनहाराचा बोहल्यावर चढला.

घरी परसात भेंडी होती, पण निम्म्या झाडांना लाल दोरे बांधलेले आणि दोरेवाली भेंडी चुलीवर चढवायची नाही असा फतवा. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आम्हा पोरांना चहा देताना म्हणायच्या, "सवत आणली असती तर भांडता तरी आलं असतं. भेंडीसंगं काय भांडू?"

मी शेतकीला आलो होतो तो सरकारी नोकरीसाठी. झाडापानांत मला काडीचा रस नव्हता. पहिल्या प्रात्यक्षिकाला सरांनी प्रत्येकाच्या तळहातावर भेंडीचं एकेक फूल ठेवलं आणि म्हणाले, "तासभर ह्यांच्याजवळ बसा. काय दिसलं ते लिहा." मी पाच मिनिटांत लिहून दिलं, फूल पिवळे आहे. "मियाँ, एवढं तर आमच्या वालूरच्या बैलाला बी दिसतं. बसा परत." मी चिडून परत बसलो. मग पाकळ्यांच्या बुडाचा जांभळा रंग दिसला, मधली दांडी दिसली, तिच्यावर चिकटलेले परागाचे कण दिसले, टोकावरची मखमल दिसली. तास संपून वर्ग रिकामा झाला तरी मी बसलेलाच. सर दारात उभे राहून माझ्याकडं बघत होते. दुसऱ्या दिवसापासून ते मला स्वतःबरोबर कापसाच्या वावरात नेऊ लागले.

तिथलं काम दोन दिवसांचं असे. उद्या उमलणाऱ्या कळ्या दुपारी उघडून त्यांतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, म्हणजे फूल स्वतःच्याच परागानं फळत नाही, वर कागदी टोपी घालायची, देठाला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग टेकवायचा. दुपार झाली की पराग मेला. कळ्या सर उघडत आणि पराग मी लावी.

नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. वातावरण असं, की वसतिगृहात एका खोलीत झोपणारी पोरंसुद्धा एकमेकांशी जपून बोलत. एका दुपारी सरांनी चाळीस कळ्या उघडून ठेवल्या आणि आई आजारी म्हणून वालूरला गेले. जाताना म्हणाले, "उद्या बंद हाय म्हणतात. पण बंद माणसांचा, फुलांचा न्हाई. सकाळी जा." दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद, एसट्या बंद. आम्ही सकाळपासून पत्ते कुटत बसलो. मला आठवण झाली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. वावरात धावत गेलो. पराग वाळून गेला होता. कळ्या तशाच राहिल्या असत्या तर बोंडं धरली नसती आणि सरांना सगळं कळलं असतं. मग मी सरांनी उघडलेल्या चाळीसही कळ्या खुडून फेकल्या आणि त्यांचे दोरे, टोप्या शेजारच्या साध्या फुलांना चढवल्या.

पुढच्या हंगामात त्या बियांची झाडं फुलली. संकर साधला असता तर पाकळीच्या बुडाशी लाल ठिपका यायला हवा होता. सर ओळीमागून ओळ वाकून बघत गेले. एकाही फुलात ठिपका नव्हता. माझ्यावर त्यांना क्षणभरही संशय आला नाही. वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून चष्मा पुसत म्हणाले, "कळीत पुंकेसर राहून गेले असणार. डोळ्यांनी दगा दिला, मियाँ." आणि खिशाचा चिमटा काढून माझ्या हातावर ठेवला. "तुमची नजर चांगली हाय. आता तुमी करा." मी तो घेतला. खिशाला लावला. त्या दिवसानंतर सरांनी एकही कळी उघडली नाही.

त्याच चिमट्यावर मी पुढं मास्तर झालो. माझे विद्यार्थी तो कौतुकानं हातात घेऊन बघत आणि दर वेळी मला कापसाची ती ओळ दिसे.

नामांतर व्हायच्या थोडं आधी मी सरांच्या घरी गेलो. ते परसात खुर्ची टाकून बसले होते. चिमटा पुढं धरून मी एका दमात सांगितलं, "सर, त्या चाळीस कळ्यांना मी पराग लावलाच नव्हता. पत्ते खेळत बसलो. तुमचे दोरे दुसऱ्या फुलांना बांधले."

काकू चहाची बशी घेऊन दारातच थांबल्या. सर खुर्चीतून पुढं वाकले. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे माझ्या कळ्या नीट उघडल्या होत्या?"

"नीट होत्या, सर. खुडताना पाहिलं मी. एकीतही पुंकेसर राहिला नव्हता."

"चाळीसच्या चाळीस?"

"चाळीसच्या चाळीस."

सर काकूंकडं वळले. "ऐकलं का? चाळीसच्या चाळीस!" त्यांचा चेहरा इतका फुलला, की मला तो बघवेना. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं.

चिमटा घेऊन ते लगबगीनं भेंडीपाशी गेले. उद्याची कळी बोटांनी चाचपून शोधली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. थोड्या वेळानं त्यांनी चिमटा मला परत दिला.

"आता खरंच दिसत न्हाई, मियाँ. तुमी उघडा. मी धरतो."

त्यांनी देठ धरला. मी कळी उघडली, पुंकेसर काढले, टोपी घातली. दोरा बांधायला खाली वाकलो, आणि त्यांचा हात माझ्या कपाळाला लागला तेव्हा कुठं मला ते शब्द सापडले. "सर, तुमची इतकी वर्षं मी वाया घालवली. मला माफ करा."