भिमाजीचा सांबळ फिनलंडला गेला

टर्बाइनच्या बेअरिंगला कुठं दुखतंय, हे चंदर भोयेला कानानं कळायचं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तो ऑपरेटर होता. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर बेअरिंगच्या अंगावर टेकवायचा, लाकडी मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. "तीन नंबर कण्हतंय," एवढंच म्हणायचा. मीटरवरचा काटा तेच सांगायला पुढं चार दिवस घ्यायचा. इंजिनियर लोक आधी हसायचे, मग चंदरला हाक मारायचे.

पेठ तालुक्यातल्या डोंगरातला हा कोकणा जमातीचा गडी आयटीआय करून खाली उतरला, वीज बोर्डाच्या क्वार्टरमध्ये राहिला, आशाशी लग्न केलं. त्याला नाद एकच, शॉर्टवेव्ह रेडिओचा. शहाण्णव साली भद्रकालीच्या बाजारातून त्यानं एक जुना टू-इन-वन आणला. रेडिओ आणि टेप एकाच डब्यात. पण क्वार्टरवरून हाय टेन्शनच्या तारा गेलेल्या. घरात रेडिओ लावला की नुसतं भुंग्यांचं मोहोळ उठायचं. म्हणून शनिवारी संध्याकाळी तो सायकलच्या कॅरियरला रेडिओ बांधायचा आणि तारांपासून लांब, नदीकाठच्या पेरूच्या बागेत जाऊन बसायचा.

"शेजारच्या लताबाई इचारत व्हत्या," आशा म्हणायची, "भोये भाऊजी दर शनवारी नदीला काय करत्यात? मी म्हणलं, रेडिओ ऐकत्यात. तर त्या हसल्या. लोकांचे नवरे चोरून बाई घेऊन जात्यात, माझा मेला डबा घेऊन जातो. मला सांगायचीबी चोरी."

परदेशी केंद्रं पकडायची आणि त्यांना पत्रानं रिपोर्ट पाठवायचा, असा त्या नादाचा रिवाज होता. आवाज किती जोरात आला, खरखर किती, लहर किती हलली, सगळ्याला पाचपैकी गुण द्यायचे; खरखरीला पाच म्हणजे खरखर मुळीच नाही. रिपोर्ट खरा निघाला की केंद्राकडून छापील कार्ड यायचं. चंदरच्या भिंतीवर अशी चाळीस कार्डं होती. खोटा रिपोर्ट द्यायचा नाही, हा त्या नादातला धर्म. चंदर तो टर्बाइनच्या लॉगबुकाइतकाच पाळायचा.

एका शनिवारी फिनलंडचं केंद्र लागलं. निवेदिका गोड आवाजात इंग्रजी बोलली, आणि तिच्यानंतर जे सुरू झालं त्यानं चंदर ताठ बसला. आवाज चिरफाळलेला, जाडाभरडा, कोरडं बेअरिंग फिरावं तसा. मध्येच एक माणूस गुरगुरत होता. चंदरनं डोळे मिटून तीन मिनिटं ऐकलं आणि त्याचं निदान झालं. बिचाऱ्यांचा ट्रान्समीटर जळायच्या बेतात आहे.

त्यानं घरी येऊन रिपोर्ट लिहिला. सिग्नलला पाच, खरखरीला पाच, आणि खाली शेऱ्यात: 'आपल्या यंत्रावर जास्त भार येऊन आवाज फाटतो आहे. शेवटचा टप्पा ताबडतोब तपासावा. उशीर करू नये.' तिकिटाचा खर्च जास्त होता तरी रजिस्टर्ड पाठवलं. यंत्राचा प्रश्न होता.

दीड महिन्यानं कार्ड आलं. त्यावर कमरेपर्यंत केस सोडलेली चार पोरं. मागं निवेदिकेचं अक्षर: 'प्रिय मित्रा, आमचा ट्रान्समीटर ठणठणीत आहे. ते संगीत होतं. त्याला हेवी मेटल म्हणतात. आमचे इंजिनियर तुमचं पत्र भिंतीला लावून रोज हसतात, पण तुमचा कान फार चांगला आहे असंही म्हणतात. गिटारवर जास्त भार टाकूनच तो आवाज काढतात.'

कंट्रोल रूममधल्या दिनेशनं हे कार्ड सगळ्या शिफ्टला वाचून दाखवलं. दिनेश नाशिक रोडचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचा. संगीतातलं त्यालाच कळतं, असं त्याचं मत.

"चंदरभाऊ, आता आपल्या टर्बाइनला पण केस सोडायला लावा. स्टार होईल!"

"हस लेका," चंदर म्हणाला. "पण मला सांग, आपली सांज म्हंजे तिकडं भर दुपार, आन् शनवारी तिकडचा सरकारी रेडिओ हे लावतो. म्हाताऱ्याकोताऱ्या ऐकत असतील. आपल्याकडं का नाय लावत?"

"कोण ऐकणारे? लोकांना आवडत नाय म्हणून रेडिओवर लागत नाय. रेडिओवर लागत नाय म्हणून लोकांना आवडत नाय. संपला विषय."

"मंग तिथं पहिल्यांदा कसं लागलं?"

दिनेशनं खुर्ची मागं सरकवली. म्हणाला, "चहा सांगा."

चंदरच्या डोक्यातून मात्र ते जाईना. त्यानं वही केली. कुठल्या देशाचं केंद्र किती वाजता असलं संगीत लावतं, किती मिनिटं लावतं, लावताना निवेदक माफी मागतो का, असे रकाने आखले. माफीचा रकाना त्याला फार महत्त्वाचा वाटायचा. काही देशांत निवेदक आधी हसून 'आता जरा कान सांभाळा' म्हणायचा. फिनलंडवाली कधीच म्हणायची नाही. ज्वारीचा भाव सांगावा तसं गाण्याचं नाव सांगायची. आपल्याकडं काय लागतं तेही त्यानं आठवडाभर टिपलं. सकाळी अभंग, मग भावगीतं, दुपारी कामगारांची फर्माईश, संध्याकाळी शेतीची माहिती आणि लोकगीतं. गिटार फक्त सिनेमाच्या गाण्यात, व्हिलनच्या पार्टीत.

तो निवेदिकेला प्रश्न लिहायचा, ती उत्तर द्यायची. अशी सहा वर्षं गेली. ती लिहायची, आमच्याकडं गावोगावच्या शाळेत वाद्यं शिकवतात, पोरांना तालमीला तळघरातल्या खोल्या मिळतात, हिवाळा सहा महिने हटत नाही. आणि आमच्या आज्या-आजोबांना दुःखी सुरांचा सोस आधीपासूनच होता, त्यावर ते जोडीनं नाचायचे. या पोरांनी तेच सूर घेतले आणि वर वीज सोडली.

हे वाचून चंदर दिनेशला म्हणाला, "म्हंजे रेडिओनं नवं काय आणलं नाय. घरातलंच व्हतं, त्याला फकस्त जोरात केलं."

"मग तुमच्या घरात काय आहे जोरात करायला?"

घरात होता सांबळ.

चंदरचा बाप भिमाजी सांबळ वाजवायचा. वैशाखात गावात बोहाडा असतो. देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे घालून गडी सांबळाच्या तालावर नाचतात. कुठला मुखवटा कुठल्या घरानं नाचवायचा हे ठरलेलं. भोयांच्या घराकडं वेताळ. वेताळ आला की सांबळ असा कडाडतो की लहान पोरं आयांच्या पदरात शिरतात. त्या फिनलंडच्या आवाजात आपल्याला परकं का वाटलं नाही, हे चंदरला सहा वर्षांनी उमगलं.

त्या वर्षी होळीला घरी गेला तेव्हा टू-इन-वन घेऊन गेला. सेल संपत आलेले, पेठशिवाय नवे मिळणार नव्हते. त्यानं गावाकडच्या रीतीप्रमाणं सेल दिवसभर पत्र्यावर उन्हात तापवले आणि संध्याकाळी घातले. भिमाजीनं सांबळ कमरेला बांधला, एक वाकडी काडी, एक सरळ, आणि वेताळाची चाल अर्धा तास वाजवली. चंदरनं ती कॅसेटवर भरून घेतली आणि लगेच थोडी लावून पाहिली. झकास. दुसऱ्या दिवशी पेठच्या पोस्टातून कॅसेट फिनलंडला रवाना.

"कुठं धाडलास?" भिमाजीनं विचारलं.

"लय लांब, बा. तिथं रेडिओवर वाजवतील."

"तठं ऐकंल कोण? त्यांचा येताळ आहा का?"

"त्यांचीबी तोंडं रंगवलेली असत्यात. केस सोडलेले."

"मंग आहा," म्हातारा म्हणाला. पण रेडिओत आपण वाजू यावर त्याचा विश्वास बसला नाही. "रेडिओमधी शिकल्याली माणसं वाजत्यात. आमी वाजवतो ते देवापुढं."

महिन्याभरानं निवेदिकेचं पत्र आलं. परदेशांसाठीचं प्रसारण बंद होतंय. शेवटचा कार्यक्रम अमुक शनिवारी, तुमच्याकडं संध्याकाळी साडेसहाला. 'कॅसेट मिळाली. लावायचा प्रयत्न करीन, पण यादी मोठी आहे, वचन देत नाही.' चंदरनं कॅलेंडर बघितलं. तोच शनिवार वेताळाचा.

आता वाजला तर त्या दिवशी, नाहीतर कधीच नाही. भिमाजीचं वय त्र्याहत्तर. चंदरनं रजा टाकली, नाशिक रोडला नवे कोरे सहा सेल घेतले आणि गाव गाठलं.

एक गोष्ट मात्र गावाच्या बाजूची होती. तारा कमी, खरखर नाही. अंगणात रेडिओ ठेवला तर फिनलंड शेजारच्या पाड्यावरून बोलावं तसं आलं. ऊन अजून डोंगराच्या टोकावर होतं. भिमाजी शेकोटीपाशी सांबळाचं कातडं तापवत बसला होता. आशानं चहा ठेवला. वीसेक माणसं जमली. निवेदिका बोलत होती, गाणी लागत होती, सात वाजायला आले.

"तुजा बा कदी यायचा?" कुणीतरी विचारलं.

"त्यो गाडीत बसलाय," दुसरा म्हणाला. लोक हसले. भिमाजी शेकोटीवरनं मान वर करेना.

कार्यक्रम संपायला सात मिनिटं राहिली तेव्हा ती म्हणाली, आता भारतातले आमचे जुने श्रोते, ज्यांनी आमचा ट्रान्समीटर वाचवायचा प्रयत्न केला होता, त्यांचे वडील. आणि सांबळ कडाडला.

भिमाजी उठून उभा राहिला.

चंदरला पहिल्या दहा ठोक्यांत कळलं. बेअरिंगला कळतं तसंच. चाल जलद होती. आवाज चढा होता. आणि पुढं पुढं आणखी जलद होत चाललेला. उन्हात तापवलेले सेल. रेकॉर्ड करताना ते दम टाकत गेले, टेप सावकाश फिरली. चांगल्या मशीनवर लावल्यावर तोच सांबळ धावत सुटला. त्या दिवशी ऐकून पाहिलं तेही त्याच मेलेल्या सेलांवर, म्हणून तर झकास वाटलं होतं.

निवेदिका म्हणत होती, आमचे ढोलवाले इथं स्टुडिओत तोंड उघडं टाकून उभे आहेत, सत्तरी ओलांडलेला माणूस हे दोन काड्यांवर कसं करतो, शेवटी वेग कसा वाढवतो. मग निरोपाचं संगीत. मग नुसतीच लहर, सूं करत.

चंदरनं इंग्रजीचं मराठी करून सांगितलं. सगळं सांगितलं. सेलांचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात भिमाजी म्हणाला,

"कातडं लय झ्याक तापलं व्हतं रं त्या दिशी. आवाज कसा चढलाय!" मग जरा थांबून, स्वतःच्या हातांकडं बघत, "इतका जलद वाजवला म्या? म्हातारपणी?"

"बा..." चंदर म्हणाला.

"चल. तोंड बांध. येताळाचा येळ झाला."

मुखवटा दोन माणसांनी चढवला. आत लाकडाचा आणि जुन्या घामाचा वास. डोळ्यांच्या भोकांतून चंदरला टेंभे दिसत होते आणि त्यांच्या मागं बाप. भिमाजीनं पहिला ठोका नेहमीसारखा टाकला. दुसऱ्या फेरीला चाल उचलली. तिसऱ्या फेरीला आणखी. म्हातारा रेडिओचा पाठलाग करत होता, डोळे मिटून, खालचा ओठ दातांत धरून. टेप जिथं धावत सुटली होती तिथं तोही सुटला. गर्दीतून आरोळी उठली. वेताळाच्या पायांना ताल सापडेना, छातीचा भाता झाला, मानेवर शेर-दोन शेर लाकूड हिंदकळू लागलं. उन्हात तापवलेल्या सहा सेलांची भरपाई चंदर आपल्या पिंढऱ्यांनी करत होता. थांबायची सोय नाही. सांबळ थांबल्याशिवाय वेताळ थांबत नाही.

थांबला तेव्हा भिमाजी आशाच्या आधारानं खाली बसला. काडी बोटांतून सुटत नव्हती.

"जुळलं का रं," त्यानं धापा टाकत विचारलं, "रेडिओशी?"

चंदरनं मुखवटा काढला. बापाजवळ मातीत बसला. "जुळलं, बा. एक ठोकाबी मागं नाय."

सकाळी त्यानं शेवटचा रिपोर्ट भरला. केंद्र बंद झालं होतं, पत्र कुणाच्या हाती पडेल ठाऊक नव्हतं, तरी भरला. सिग्नलला पाच, खरखरीला पाच, सगळ्याला पाच. शेऱ्याच्या जागी तो बराच वेळ अडला. मग लिहिलं: 'मी पाठवलेली कॅसेट चुकीच्या वेगानं भरली गेली होती. सेल कमजोर होते, दोष माझा. माझे वडील इतकं जलद वाजवत नव्हते.' पेन थांबवलं, ओट्यावर झोपलेल्या बापाकडं पाहिलं आणि खाली एक ओळ वाढवली: 'काल रात्रीपासून वाजवतात. समक्ष ऐकलं आहे.'