पन्नास किलोंसाठी पाव

सबंध मीरा-भाईंदरमध्ये वजनकाट्याचा सर्वांत जास्त अपमान कोणी केला असेल, तर तो तुमच्या मुर्ध्याच्या आजीने. तुम्ही परदेशातून तिला बहुतेक फोनवरच पाहता, आणि तिथेही ती फोन इतका जवळ धरते की तुमच्या वाट्याला तिचं कपाळ, कुंकू आणि मागच्या पंख्याचं एक पातं एवढंच येतं. म्हणून ती खरी कशी आहे हे मी लिहून ठेवते आहे. तुमच्या बाबांची ही मुर्धा गावातली आई चाळीस वर्षं भाईंदरच्या बाजारात मासळी विकायला बसली. तिच्या फळीवर काटा कधी नव्हताच. मासळीचे वाटे लावायचे, म्हणजे लहान लहान ढीग, आणि गिऱ्हाइकाने वाटा उचलला की आपणहून वर मूठभर टाकायची, ही तिची रीत. "काटा कशाला पायजे? हात हाय ना," असं म्हणून ती कोणतीही वस्तू तळव्यावर घेई, डोळे किंचित मिटी आणि वजन सांगे. तुमच्या आईबाबांच्या लग्नाची बोलणी करायला ती पहिल्यांदा सिल्व्हर पार्कच्या आमच्या घरी आली, तेव्हा मानपान, तारीख, हॉल हे सगळं बाजूला ठेवून तिने टेबलावरचा पितळी गणपती उचलला आणि म्हणाली, "सव्वा किलो." ती गेल्यावर मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला. एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम. पुढच्या भेटीत मी तिला ते सांगितलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाली, "ईनबाय, तुमचा काटा धा ग्रॅम खातंय."

ईनबाय म्हणजे मी, तुमच्या आईची आई, तिची विहीण. तुमच्या आजोबांना ती इवाय म्हणे, म्हणजे व्याही. ती कधी फोन करून आली नाही. मुर्ध्याहून बसने यायची, पिशवी सांभाळत आमच्या इमारतीत शिरायची, आणि वर पोचेपर्यंत निम्म्या इमारतीची तब्येत तपासून झालेली असायची. एकदा वॉचमनचा दंड चाचपून ती त्याला म्हणाली, "दो किलो कम हुआ तू. बायको किधर हय?" बायको खरंच महिनाभर गावी गेली होती. तो बिचारा इतका दचकला, की तेव्हापासून ती दिसली की उठून उभा राहायचा. माझं घर तिला कायम कोड्यात टाकी. डब्यांवर नावं, नावांखाली भरल्याची तारीख, चमचे मापाप्रमाणे टांगलेले. "दवाखाना हाय का रांदपाची खोली?" ती विचारी. आणि मी वळले की साखरेच्या डब्यात रवा ओतून ठेवी, कारण तो डबा तिला रव्याच्या वजनाला योग्य वाटे.

चार वर्षांपूर्वी तुमच्या आजोबांच्या हृदयाची एक झडप कामातून गेली. शस्त्रक्रिया हाच उपाय होता, पण लांबलेल्या आजारपणात ते इतके वाळले होते की डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "पन्नास किलो झाल्याशिवाय मी यांना टेबलावर घेणार नाही. पोटात प्रथिनं जाऊ द्या. आणि दोन महिन्यांपेक्षा जास्त थांबणं बरं नाही." काटा चव्वेचाळीस दाखवत होता. आजोबांची अन्नावरची वासनाच उडाली होती. वरण नको, अंडं नको, पनीर पाहिलं की तोंड फिरवायचे. डॉक्टरांनी दिलेली पावडर एका घोटात परत आली. फक्त एक गोष्ट गिळली जायची, चहात बुडवलेला पाव. मी भिंतीवर तक्ता लावला होता, त्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रकाने होते, आणि प्रत्येक रकान्यात मी 'पाव' एवढाच शब्द लिहीत होते.

मुर्ध्याची आजी आली, आजोबांचं मनगट तळव्यावर घेतलं आणि काही न विचारता म्हणाली, "चव्वेचाळीस." मग उठली आणि पदर खोचला. "इवाय पावच खातान ना? मंग ताकद पावातनंच पाठवायची. होडी एकच हाय, तर सगला माल तिच्यानंच न्यायला लागंल."

तुमच्या आईने पाठवलेला ओव्हन सहा वर्षं खोक्यासकट माळ्यावर पडून होता. मी त्याच्या माहितीपुस्तकाला मात्र कव्हर घातलं होतं. तो खाली उतरला. तिने जन्मात पाव भाजला नव्हता, मीही नाही, पण तिला हे काही अडचणीचं वाटलं नाही. पहिला पाव तिने वाळवलेला जवला कुटून घालून केला. जवला म्हणजे बारीक कोळंबी. त्याच्याएवढी ताकद कशातच नाही, हे तिचं ठाम मत. तो पाव भाजला जात असताना सबंध मजल्याला त्याची खबर लागली. समोरच्या गुजराती बेननी दोन दिवस दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, तेव्हा न बोलता माझ्या हातात उदबत्तीचा पुडा दिला आणि गोड हसून आत गेल्या. आजोबांनी तो पाव नाकाजवळ नेला, खाली ठेवला आणि म्हणाले, "विहीणबाई, उत्तम झालाय. फक्त याला परत समुद्रात सोडून या."

मग मी सूत्रं हातात घेतली. वाचून, टिपून मी प्रमाण काढलं. अर्धा किलो कणीक आणि मैदा, त्यात सोयाबीन, डाळं, शेंगदाणे आणि दुधाची पावडर असं मिळून दीडशे ग्रॅम. त्याहून एक चमचा जास्त नाही, कारण या पिठांना चिकटपणा नसतो, ती जास्त झाली की पाव फुगतच नाही. हे मी तिला शांतपणे समजावलं. तिने मान हलवली. आणि मी यीस्टसाठी पाणी कोमट करायला वळले, तेवढ्यात तिने त्याच मिश्रणाची वर एक मूठ टाकली. दुसऱ्या दिवशी टाकली, तिसऱ्या दिवशीही टाकली. "वर मूठ टाकल्याबिगर माजा हात मागं येतच न्हाय," ती म्हणाली. ओव्हनमधून जे निघे ते सुरीला दाद देत नसे. आजोबांनी त्यावर बोट वाजवलं आणि म्हणाले, "गॅलरीचा कठडा दुरुस्त करायचाय, त्याला उपयोगी पडेल." ती म्हणाली, "जड हाय म्हंजे ताकद हाय." पण ती ताकद पोटात जाईल कशी? आठवड्याने काटा साडेत्रेचाळीसवर आला. मी तिला तोडून बोलले. "विहीणबाई, ही मासळी नाही. इथे ग्रॅमने चालतं. त्यांच्याकडे वेळ नाही आणि तुम्ही मुठी कसल्या टाकताय?" ती पिशवी उचलून गेली आणि दोन दिवस आली नाही. ते दोन दिवस मी काटेकोर प्रमाणात पाव केले. ते बरे फुगले, पण का कोण जाणे, माझ्या हातचं मळणं हलकं पडे आणि पाव चहात विरघळून जाई.

तिसऱ्या दिवशी ती हजर. हातात प्रथिनांच्या पावडरचं हे एवढं मोठं डबडं, त्यावर दंड फुगवलेल्या पुरुषाचं चित्र. मीरा रोडच्या कुठल्याशा जिमच्या दुकानातून तिने ते आणलं होतं. दुकानदाराने विचारलं म्हणे, "मावशी, बॉडी किसको बनाने का है?" ही म्हणाली, "हमारा इवाय को. साडेत्रेचालीस किलो का हय, उमर सत्तर." "जिम कौनसा जाता है?" "जिम नय जाता. चाय में पाव डुबाके खाता." त्याने हात जोडले, असं ती म्हणाली. ते कौतुकाने की घाबरून, हे तिला अजून कळलेलं नाही. डबड्यातली पावडर मात्र आमच्या मिश्रणात गेली.

भांडणाबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही. पण त्या दिवशी मी एक काम केलं. तिने परातीत टाकलेली मूठ हळूच वाटीत काढून मोजली. पन्नास ग्रॅम. दुसऱ्या दिवशीही मोजली, पन्नास ग्रॅम. त्यानंतर मी दीडशेऐवजी शंभरच ग्रॅम काढून ठेवू लागले आणि ती मूठ टाकत असताना मुद्दाम खिडकीबाहेर बघू लागले. मळायला तीच. कणकेचा गोळा ओट्यावर असा आपटायची की खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला यायचे. मग जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा पांघरून तो उन्हाच्या खिडकीत ठेवायची आणि मधूनमधून बोटाने दाबून बघायची. पाव फुगू लागला. त्याला साल आली, कापल्यावर आत जाळी दिसू लागली. आजोबा एकाचे दोन काप खाऊ लागले, दोनाचे तीन. एका सकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारलं, "आज पाव नाही का?" मी गॅलरीत गेले आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

काही दिवसांनी घाईत माझ्याकडून पूर्ण दीडशे ग्रॅम काढले गेले. मुर्ध्याच्या आजीने वाटी उचलली आणि मागे न वळता म्हणाली, "ईनबाय, आज मूठ काढायला इसरलाव काय? वाटी जड लागतंय." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. "तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "मना पयल्याच दिशी कलला," ती म्हणाली. "पन तुमी माज्या मुठीला जागा ठेवलाव ना, म्हून मी गप ऱ्हायले."

दोन महिने संपायला आले. डॉक्टरांकडे जायच्या सकाळी घरच्या काट्यावर आजोबा एकोणपन्नास भरले. एक किलो कमी. मुर्ध्याची आजी आमच्याबरोबर निघाली, आणि दवाखान्यात एसी लागतो म्हणून तिने आजोबांना त्या उकाड्यात कोट घालायला लावला. आजोबांनी निमूटपणे घातला, तिथेच मला शंका यायला हवी होती. दवाखान्याच्या काट्यावर ते पन्नास किलो दोनशे भरले. डॉक्टर खूश झाले, तारीख बघू लागले, आणि मग तपासायला म्हणून कोट काढायला सांगितला. कोटाच्या दोन खिशांतून दोन पाव निघाले. आजोबा छताकडे पाहत होते.

"आजी, हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालीस वर्सां मासली इकली, डाक्टर," ती म्हणाली. "कोनाला कमी घातला न्हाय. आज पयल्यांदा खोटा केला. पन मी काय सांगतंय, तो पाव जानार तर इवायच्या पोटानच हाय ना? आज खिशान हाय, उद्या पोटान. तुमी तारीख द्या."

डॉक्टर इतके हसले की बाहेरची नर्स आत आली. मग त्यांनी एका पावाचा तुकडा मोडून खाल्ला, विचार करत चावला, आणि तारीख दिली नाही. "हेच चालू ठेवा. दोन आठवडे मी थांबतो. पुढच्या वेळी कोट नको." परतताना रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती. काशीमिऱ्याचा सिग्नल लागला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मना भ्या वाटला, ईनबाय. रोज त्यांचा हात हातान घेतंय, पन वजन मोठ्यानं सांगायची हिंमत होत न्हाय." पलीकडे बसलेले आजोबा पुढे वाकून ड्रायव्हरशी गप्पा मारत असल्याचं सोंग करत होते.

दोन आठवड्यांनी, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात, ते पन्नास किलो तीनशे भरले. डॉक्टरांनी आधी सदऱ्याचा खिसा दाबून पाहिला. शस्त्रक्रिया झाली. ते चार तास मुर्ध्याच्या आजीने माझा हात आपल्या तळव्यावर धरून ठेवला होता. वजन मात्र सांगितलं नाही.

आजोबा त्यानंतर अडीच वर्षं होते. ते गेल्यावरही ती येते. आम्ही दोघी शनिवारी पाव करतो, तो माझ्यासाठी, असं ती म्हणते. पण त्या अडीच वर्षांतला एक दिवस मला तुमच्यापाशी ठेवायचा आहे. तुम्ही मे महिन्यात आला होतात आणि आपण सगळे मुर्ध्याला खाडीच्या काठी गेलो होतो. धाकटे, तू तेव्हा तीन वर्षांची होतीस. पुढे माणसं उभी होती, तुला होड्या दिसत नव्हत्या आणि तू रडायला लागलीस. कोणी काही म्हणायच्या आत आजोबा वाकले, त्यांनी तुला उचललं आणि खांद्यावर बसवलं. मुर्ध्याची आजी त्यांच्या मागे दोन पावलांवर, दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. तू बोट दाखवत एकेक होडी मोजत होतीस, इंग्रजीत, अकराला अडखळत आणि पुन्हा एकपासून सुरू करत. तुला ते आठवणार नाही. तुझं मोजून होईपर्यंत आजोबांनी तुला खाली ठेवलं नाही, आणि तिनेही हात खाली घेतले नाहीत.