खालून पाहिलेली झाडं

बायकोला माहीत नाही, मुलीला माहीत नाही, आणि ज्यांच्यासोबत इतकी वर्षं डबा खाल्ला त्या सहकाऱ्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण मलाही नीट सांगता येणार नाही. तुमची-माझी ओळख नाही, तेवढंच सोयीचं असेल.

मी नारळाच्या रोगांवर काम करतो. नगर जिल्ह्यात कसला आलाय नारळ, असं म्हणू नका. प्रवरेच्या कालव्याखाली उसाच्या बांधाबांधाने झाडं आहेत, आणि रोगही आहेत. सगळ्यांत वाईट कोंब कुजण्याचा. झाडाच्या टोकाला, मधोमध, जिथून नवं पान निघतं तो कोंब सडतो, आणि तो गेला की झाड गेलं. लबाडी अशी की आत सडत असताना बाहेरची पानं कित्येक महिने हिरवीगार राहतात. खालून पाहणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून वर चढायचं, सडका भाग कापायचा, बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याचा, लेप द्यायचा. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतो.

आणि मला उंचीची भीती वाटते.

हसा, काही हरकत नाही. नारळाचा शास्त्रज्ञ, आणि शिडीच्या पाचव्या पायरीवरून परत फिरतो. पण कबूल करायचंय ते हे नाही. भीती काय, कुणालाही वाटते.

आमच्या भागात झाडावर चढणारी माणसं सहसा मिळत नाहीत. किडीसाठी मुळातून औषध देतात — एक जिवंत मूळ तिरपं कापायचं, त्याला औषधाची पिशवी बांधायची, झाड स्वतःच ते वर ओढून घेतं. मला वाटलं, हेच कोंबाच्या रोगालाही का चालू नये? मग चढायलाच नको. हे जमावं असं मला किती वाटत असेल, तुम्हीच बघा. तीन वर्षांचा प्रयोग मांडला. पहिली दोन वर्षं कोकणातून एक गडी यायचा. तो वर जाऊन कोंब बघायचा, वरूनच ओरडून सांगायचा, मी वहीत लिहायचो. तिसऱ्या वर्षी तो आला नाही. दुसरा शोधता आला असता, नाही असं नाही. मी शिडी लावली, थोडा चढलो, उतरलो. मग खालीच उभा राहून, मान वर करून एकेक झाड पाहिलं. हिरवं दिसलं की निरोगी लिहिलं. सगळीच हिरवी दिसली.

मला माहीत नव्हतं का? आत्ताच तर तुम्हाला सांगितलं, खालून कळत नाही म्हणून.

त्या वहीवरून शिफारस झाली. शेतकऱ्यांच्या पुस्तिकेत छापून आली — झाडावर चढायची गरज नाही. लोकांना ती फार आवडली. मला बढती मिळाली.

मंदाताईंचं शेत देवळाली प्रवरेजवळ, रस्त्याला लागून. नवरा कारखान्यात कामाला, शेती त्याच बघायच्या. बांधावर अकरा झाडं होती. शेताच्या तोंडाशी बसून त्या शहाळी विकायच्या. त्यांनी एकदा मला बोलावून घेतलं आणि वर बोट दाखवलं.

"साहेब, शेंड्याचं पान कलल्यालं दिसतंय. वर चढवून बघू का कुनाला?"

मी मान वर केली. पानं हिरवी होती. म्हणालो, गरज नाही, मुळातून औषध द्या.

काही महिन्यांनी त्या कार्यालयात आल्या. वाऱ्याने खाली पडलेलं कोवळं पान त्यांनी पिशवीत घालून आणलं होतं. पिशवी उघडली, आणि त्या कुजक्या वासाने मला सगळं कळलं. शेजारी दोन सहकारी बसले होते. मी विचारलं, औषध वेळेवर दिलं होतं का? बाई सरळ. आठवून म्हणाल्या, एक डाव चार दिवस उशीर झाला होता. चार दिवसांनी काहीही बिघडत नाही. मी अहवालात लिहिलं — शिफारशीचे पालन झाले नाही.

अकराही झाडं गेली. पुढच्या शेतकरी मेळाव्यात मंदाताई आपणहून उभ्या राहिल्या.

"माझ्यावानी हयगय करू नका. साहेब सांगत्यात ते टायमावर करा. चूक माझीच हुती."

त्यांच्या खरेपणाला लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी व्यासपीठावर होतो. मीही वाजवल्या.

तेव्हा का बोललो नाही? आणि नंतर? नंतर माझ्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध त्याच शिफारशीवर उभा राहिला. आता निवृत्ती तोंडावर आली आहे. पुस्तिकेचं ते पान दरवर्षी तपासायला माझ्याकडेच येतं. एक ओळ खोडायची, बस. मी सही करतो. लोक मोबाईलवर झाडांचे फोटो पाठवतात, सगळे खालून काढलेले, आणि मी तेच उत्तर पाठवतो. बांधावर एखादं बोडकं खोड दिसलं की गाडीत मी दुसऱ्या खिडकीकडे बघतो. ते माझ्यामुळे मेलं की नाही, हे कळायला आता मार्ग नाही. मला स्वतःची घृणा वाटते, आणि तिच्यासकट मी रोज कामावर जातो. खरं बाहेर काढायचं तर आधी मंदाताईंना सांगावं लागेल, आणि तिथेच पाय अडतात.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. सुनेने नवी रोपं आणलीत, पहिलं तुमच्या हाताने लागू द्या, म्हणाल्या. मी गेलो. खड्ड्यात रोप ठेवलं, माती ओढली. सून पाणी घालत होती. मंदाताई जवळ आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या,

"साहेब, औंदा काय येगळं करायचं का?"

दोघींशिवाय तिथे कुणी नव्हतं.

मी म्हणालो, तेच करा. फक्त या वेळी उशीर करू नका.

मंदाताईंनी मान खाली घातली आणि "व्हय" म्हणाल्या.