ओटीतले दगड

मोसंबीच्या झाडाला मुद्दाम उपाशी ठेवावं लागतं, हे मला लग्न होऊन तीर्थपुरीच्या बाजूला आल्यावर कळलं. माझं माहेर धावड्याकडचं. तिकडे आम्ही मिरची-कापूस जाणणारी माणसं. इथे दिवाळी सरली की बागेचं पाणी बंद. पानं पिवळी पडतात, गळतात, झाडाकडे बघवत नाही. मग पौषात पाणी सोडलं की सगळी बाग फुलून येते. याला ताण देणं म्हणतात. ताण कधी तोडायचा, हे आमच्या घरात फक्त सासूबाई ठरवायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्या पान हातात चुरगाळून बघायच्या आणि सांगायच्या, "आज सोडा पाणी." त्यांचा अंदाज चुकलेला मी कधी पाहिला नव्हता, म्हणून त्या वर्षीही कोणाला शंका आली नाही.

बाग तशी माझी. कागदावर म्हणाल तर जमीन आत्याबाईंच्या नावे होती, मामंजी गेल्यापासून. पण रोपं लावली तेव्हा विहिरीला हात-दोन हात पाणी असायचं, आणि भर उन्हाळ्यात ते डोक्यावरून घागरीनं आणून रोपांच्या बुडाशी ओतलं ते मी. पोटुशी असतानाही ओतलं. पुढे विहीर आटली, मग बोअर घेतलं. बोअर लागलं तेव्हा पाण्याची धार बघून मी अंगावर घेतली आणि वेड्यासारखी नाचले. आत्याबाईंनी मात्र धारेखाली हात धरला आणि म्हणाल्या, "कोमट लागून राह्यलं गं. लई खालचं हाय." मी म्हटलं, "बरं झालं की, आंघोळीला तापवायला नको." त्या हसल्या नाहीत.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पाऊस बेभरवशाचा झालेला, ऊन दर साली चढतं. त्या उन्हाळ्यात मोटार पाण्याबरोबर हवा ओढायला लागली आणि शेवटी जळाली. तरी पावसाच्या पाण्यावर कसंबसं वर्ष काढलं. दिवाळीनंतर ताणाच्या दिवसांत तसंही पाणी नको, म्हणून आमच्या ह्यांनी मोटार वर काढली आणि वायंडिंग भरून आणायला तीर्थपुरीला दिली. पौष आला. पानं पार गळाली. मी आत्याबाईंना विचारलं, "सोडायचं का आता?" त्या म्हणाल्या, "थांब जरा." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग फांद्यांचे शेंडे वाळायला लागले, तशी मी ह्यांच्या मागे लागले. मोटार आणली, माणसं बोलावली. त्यांनी बोअरवर तीन पायांचा घोडा उभा केला, साखळीनं पाइप आत सोडायला सुरुवात केली. पुरुषभर खाली गेला असेल नसेल, टक्क करून अडला.

त्यांनी वर घेतला, पुन्हा सोडला. पुन्हा टक्क. ह्यांनी घरून आरसा आणवला आणि उन्हाचा कवडसा आत पाडला. मी वाकून बघितलं. अगं माय! बोअर गळ्यापर्यंत दगडांनी भरलेलं. ओढ्यातले गोल गोल दगड, एकावर एक. ह्यांचा चेहरा असा पांढराफटक पडला, की मला वाटलं आता हेच कोसळतात. मोटार बसवायला आलेला माणूस म्हणाला, "दादा, हे काय आता निघत नसतं." म्हणजे बाग गेली. एवढंच माझ्या डोक्यात शिरलं.

भावकीचं काम, दुसरं कोणाचं? बांधावरून आमचं आणि चुलत दिरांचं तेव्हा वाकडंच होतं. मी डोक्यावरचा पदर कमरेला खोचला आणि तरातरा गावात आले. मारुतीच्या पारासमोर उभी राहिले आणि तोंड सोडलं. कोणाच्या हाताला कीड पडो, कोणाचं वाटोळं होवो, काय काय बोलले ते आज लिहवत नाही. चुलत दीर दारात आले, तर त्यांनाही सोडलं नाही. ते बिचारे म्हणाले, "वहिनी, आईची आण, मला काहीच ठाव न्हाई." मी म्हटलं, "तुमच्या आणेवर कोण इस्वास ठिवतं!"

पारावर म्हाताऱ्या बसल्या होत्या. आत्याबाई आणि त्यांच्या बरोबरीच्या तिघी. चौघी एकाच काळात या गावात सुना म्हणून आलेल्या, चौघीही आता मालक गेलेल्या. त्यातल्या एक आमच्या चुलत सासूबाई, म्हणजे त्या चुलत दिरांची आई. दुसरी धनगराच्या घरची. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "त्याला कशाला बोलून राह्यली? शिव्या मला दे. म्या टाकले."

मला ऐकूच आलं नाही. म्हणजे कानावर पडलं, आत गेलं नाही. मी म्हटलं, "काय?"

"दगड. म्या टाकले. या तिघी संगं होत्या."

आणि चुलत सासूबाई मुलाकडे बघून म्हणाल्या, "आपल्या बोअरात बी टाकले रं बाबा. तू मोटर काढली व्हती ना सफाईला."

"आमच्यात बी," धनगराची म्हातारी म्हणाली.

माणसं हातातलं काम तसंच टाकून उभी. मग चुलत दीर पळाले शेताकडे, त्यांच्यामागे धनगराची पोरं. अजून एका घरातून आरडाओरड ऐकू आली. आणि या चौघी तिथेच बसलेल्या. सांगून सवरून मोकळ्या झालेल्या. मला त्या बाया क्षणभर अनोळखी वाटल्या. खोटं कशाला सांगू, भीती वाटली.

नंतर कळलं, ते असं. दुपारी शेतातली माणसं घरी जेवायला गेली की या चौघी ओढ्यात उतरायच्या, ओटीत दगड भरायच्या आणि जिच्या शेतात मोटार बाहेर असेल तिच्या बोअरवर जायच्या. ओटीत! ज्या ओटीत आम्ही खण-नारळ घेतो, गहू घेतो. आणि दगड टाकायचा तो जिचं बोअर तिनंच, बाकीच्यांनी नुसता आणून द्यायचा, असा त्यांचा नेम ठरलेला. ताण लांबवला तो याचसाठी. चौघींची बोअरं बुजवून व्हायला वेळ लागला.

घरी आल्यावर मी आत्याबाईंपुढे अक्षरशः कपाळ बडवून घेतलं. "तुमच्या हातानं लावलेली झाडं की वो ही! तुमाला काहीच कसं वाटलं न्हाई?"

"वाटलं ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुला सांगितलं न्हाई."

मग त्या बोलल्या. एरवी फार न बोलणारी बाई. बहात्तरच्या दुष्काळात हे घर खडी फोडायला गेलं होतं. लेकरं सरकारी सुकडीवर जगली. घरात मडकंभर ज्वारी होती, पण ती पेरायची होती. तिला कोणी हात लावला नाही. एक लेकरू त्यात गेलंही, ह्यांच्या पाठचं. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. "तरी म्या मडकं फोडलं न्हाई," त्या म्हणाल्या. "वरचं पाणी आपलं, पावसाचं. हे खालचं बियाणं हाय. तुम्ही बियाणं दळून खाऊन राह्यलेत."

"मंग आमच्या लेकरांनी काय खावं?"

"अन् तुझ्या लेकरांच्या लेकरांनी काय प्यावं?"

मला जास्तच संताप आला. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायची आणि निघून जायचं. भावाला पैशासाठी निरोप धाडला आणि बोअरची गाडी बोलावली. आत्याबाई अडवतील असं वाटलं होतं. जमीन त्यांची, एक शब्द पुरला असता. पण त्या म्हणाल्या, "लाव मशीन. लागलं तरी म्या पुन्हा दगड टाकीन. बिलकुल टाकीन." बाकीच्या घरांनी हात आखडला, आमच्या बोअरला काय लागतंय ते बघून ते ठरवणार होते.

गाडी आली त्या दिवशी अर्धं गाव बागेत. त्या चौघीही आल्या आणि एका वाळत चाललेल्या झाडाखाली ओळीनं बसल्या. मशीन सुरू झालं. पांढरा फुफाटा उडाला, झाडांवर बसला, माणसांवर बसला. रॉडला रॉड जोडत गेले. विहिरीची खोली गेली, आमच्या जुन्या बोअरची खोली गेली. फुफाटाच. ओल नाही, चिखल नाही. मी ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, लागू दे, या बाईचं नाक खाली होऊ दे.

दुपार कलली तशी गर्दी पांगायला लागली. मशीनचा आवाज थांबला. ड्रायव्हर तोंडाचं फडकं सोडत म्हणाला, "फेल हाय. आता खाली काही न्हाई."

तेव्हा आत्याबाई उठल्या. भुवया, पापण्या, लुगडं, सगळं पांढरं झालेलं. त्या खड्ड्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "न्हाई म्हंजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई, आजी. कोरडं. ह्या पट्ट्यात सगळीकडं असंच लागून राह्यलं."

"पण म्या तर ठिवलं व्हतं की," त्या म्हणाल्या. ड्रायव्हरला काही कळेना. त्यानं माझ्याकडे बघितलं. इतके दिवस मला पाणी हवं होतं ते त्यांना खोटं पाडायला. आता मला ते हवं होतं, कसंही करून हवं होतं, ते त्या खोट्या पडू नयेत म्हणून.

आत्याबाईंनी ड्रायव्हरची बाही धरली. "अजून खाली घाल रं बाबा," त्या म्हणाल्या. "आमाला काढायचं न्हाई. नुस्तं हाय का तेवढं बघ."

तो म्हणाला, "रॉड संपले, आजी."